पंख्याचं विमान: आई बसायला तयार नाही

कुडाळकर_पुण्यात

मंडळी, थोडी मदत हवी आहे आणि थोडं भांडायचंही आहे.

मे महिन्यात आईला गावाहून पुण्याला आणायचंय. वय ७३, दोन्ही गुडघे गेलेले. घाट चढून रस्त्याने यायचं म्हणजे आठ-नऊ तास, त्यात तिला गाडी लागते. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाहून पुण्याला विमान आहे, तासाभराचं. तिकीट काढायला बसलो तर शेजारच्या भाऊंनी तिच्या कानात घातलं की ते पंख्याचं विमान आहे. झालं! "पंखो बंद पडलो तर?" इथपासून सुरुवात. मी म्हटलं, अगं हल्लीचंच विमान आहे. तर म्हणते, "मग मुंबई-दिल्लीच्या विमानाक पंखो कित्या नाय? त्यांका नवा, आमका जुना?"

खरं सांगतो, उत्तर आलं नाही. हे विमान फ्रान्समध्ये बनतं, एटीआर ७२ म्हणतात त्याला, इतपतच मला माहीत. छोट्या गावांच्या वाट्याला खरोखर दुय्यम माल येतो का? की पंख्यालाच काही कारण आहे? जाणकारांनी लिहा. आईला वाचून दाखवणार आहे, तेव्हा जपून.

बिनधास्त_बाळ्या

काकूंना सांगा, घरातला पंखा आढ्याला टांगलेला असतो आणि आपण त्याच्याखाली तीस-तीस वर्षं झोपतो. तेव्हा कोणी विचारत नाही.

डार्टवाले_आजोबा

बाळ्या, तू गप. तिचा प्रश्न बरोबर आहे.

मी आयुष्यभर विमानांच्या इंजिनांत हात घातलेला माणूस. सुरुवात अव्हरो आणि फोकर फ्रेंडशिप या पंख्याच्या विमानांवर झाली. दोन्हींना रोल्स रॉइसचं डार्ट इंजिन. त्याची शिट्टी अशी, की ज्यांनी तेव्हा कानात कापूस घातला नाही ते आज माझ्यासारखे "काय म्हणालात?" करत फिरतात. अव्हरो तर आपल्या सरकारी विमान बनवणाऱ्या कंपनीच्या, एचएएलच्या, कानपूरच्या कारखान्यात बनायचं, पहिलं १९६१ मध्ये उडालं. त्यामुळे पंख्याचं विमान म्हणजे जुनं, हा समज आमच्या पिढीने घराघरात पोचवला. तो काढायला मीच बसतो.

तुझ्या आईला सांग, आत जेटच असतं. हवा ओढायची, दाबायची, इंधन जाळायचं, त्या झोतावर टर्बाइन फिरवायचं, सगळं तेच. फरक एवढाच, की मोठ्या जेटमध्ये पुढचा पंखा आवरणात झाकलेला असतो, इथे तो बाहेर उघडा दिसतो. टर्बाइनच्या मिनिटाला वीस हजारांच्या घरातल्या फेऱ्या गिअरबॉक्समधून कमी करत करत पंख्यापर्यंत फक्त १,२०० उरतात. वर चढून झालं की वैमानिक त्याही ८२ टक्क्यांवर आणतात. तुम्हाला एकदम आवाज उतरल्यासारखा वाटतो ना, आणि बाजूचा माणूस दचकून बघतो, तो हाच क्षण. काही बंद पडलेलं नसतं.

आता पंखाच का? पुष्कळ हवा थोडी थोडी मागे ढकलणं हे थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा स्वस्त पडतं. ताशी सहा-सातशे किलोमीटरपर्यंत पंख्याला तोड नाही. त्यापुढे पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाला भिडायला लागतात आणि सगळं गणित फिसकटतं, तिथून जेटचं राज्य. पुणे-चिपी सरळ रेषेत तीनशे किलोमीटरही भरत नाही. तेवढ्या अंतरात जेट वर चढतं आणि लगेच उतरायला लागतं. वेग दाखवायला जागा कुठे आहे? पोचण्यात आठ-दहा मिनिटांचा फरक. भाजी आणायला शर्यतीची गाडी कशाला?

आणि जुनं-नवं म्हणशील तर एटीआर ७२ पहिल्यांदा उडालं १९८८ ला आणि मुंबई-दिल्लीचं जेट एअरबस ए३२० उडालं १९८७ ला. दोघं एका वर्गातले. दोघांचीही नवी रूपं आज कारखान्यातून बाहेर पडताहेत.

कुडाळकर_पुण्यात

आजोबा, साष्टांग दंडवत. १९८७-८८ वालं वाक्य आत्ताच फोनवर ऐकवलं. पलीकडे दोन मिनिटं शांतता. चांगलं लक्षण आहे.

साशंक_शेखर

रंगाचा बेरंग करतोय, पण एकच बाजू ऐकवू नका. पोखरा, १५ जानेवारी २०२३, एटीआर ७२, ७२ जण गेले. तैवान, फेब्रुवारी २०१५, तेच विमान, पंख तिरका करून पुलावरच्या टॅक्सीला घासून नदीत पडलं. ब्राझील, ऑगस्ट २०२४, तेच, गरगरत खाली आलं. हे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. काकू काही उगाच घाबरत नाहीयेत.

डार्टवाले_आजोबा

शेखर, बरं केलंस विचारलंस. लपवून ठेवलं की भीती वाढते.

आधी एक गोष्ट समजून घे. होडीचं वल्हं पाण्यात आडवं धरलं की पाणी अडतं, कडेने धरलं की कापत जातं. पंख्याच्या पात्यांचंही तसंच. त्यांचा कोन उड्डाणात बदलता येतो. इंजिन बंद पडलं तर पाती वाऱ्याला कडेने धरतात, म्हणजे ती वाट अडवत नाहीत. याला फेदर करणं म्हणतात. एका इंजिनावर हे विमान चढतं, वळतं, उतरतं. वैमानिकाला त्याचा सराव पुन्हा पुन्हा करावा लागतो.

तैवानमध्ये एका इंजिनाचा पंखा आपोआप फेदर झाला आणि वैमानिकाने गडबडीत दुसरं, चांगलं चाललेलं इंजिन बंद केलं. पोखऱ्यात उतरताना फ्लॅपच्या (पंखांमागच्या खाली सोडायच्या झडपांच्या) दांड्याऐवजी पंख्याचे दांडे ओढले गेले, दोन्ही इंजिनं फिरत होती पण पाती फेदरमध्ये, म्हणजे ढकलणारं कोणीच नाही. पोखऱ्यात यंत्रानं सांगितलं तेच केलं; तैवानमध्ये सुरुवात यंत्राच्या बिघाडाने झाली, पण उरलेल्या इंजिनावर विमान उडू शकलं असतं. चूक हाताची झाली. ब्राझीलमध्ये विमान बर्फ साचणाऱ्या ढगांतून जात होतं. अमेरिकेत १९९४ मध्ये रोझलॉनला बर्फानेच एक एटीआर पडलं होतं, त्यानंतर पंखांच्या पुढच्या काठावरचे रबरी फुगे मोठे केले गेले. ते फुगून बर्फ फोडतात. बर्फाच्या बाबतीत या विमानावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, हे मी नाकारत नाही. ते जेटसारखं ढगांच्या पार वर निघून जात नाही. त्याची कमाल उंची २५ हजार फूट, आणि छोट्या फेऱ्यांत तेवढीही गाठत नाही. पण मे महिन्यात चिपी ते पुणे? तिथे बर्फ शोधायचा तर गोळेवाल्याकडे.

हेलकावे मात्र बसतील. दुपारी घाटावर हवा तापली की खालून धक्के येतात. सकाळचं विमान असेल तर ते घे.

टोरांटोची_सून

काकूंना आमच्या गावची गोष्ट सांगा. इथे शहराच्या ऐन मध्यात, तळ्यातल्या बेटावर बिली बिशप म्हणून विमानतळ आहे. धावपट्टी जेमतेम १,२१६ मीटर. १९८३ च्या करारामुळे तिथे प्रवासी जेटला बंदी आहे, कारण समोरच्या काठावर वस्ती. त्यामुळे तिथून सगळी पंख्याचीच विमानं. पोर्टर नावाची कंपनी २००६ पासून डॅश ८ क्यू ४०० चालवते. मॉन्ट्रियल, ओटावा, अगदी न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कपर्यंत. आत कोण असतं? टाय लावलेले बँकवाले. ऑफिसातून निघायचं, जमिनीखालच्या बोगद्यातून चालत बेटावर जायचं, आणि विमानात बसायचं. या लोकांना कोणी "तुम्हाला जुनं दिलं" म्हणत नाही.

क्यू ४०० हे एटीआरपेक्षा बरंच वेगवान, साडेसहाशेच्या वर जातं. पण इंधनही तसंच पितं. भारतात स्पाइसजेटची असायची ती, चाकं लांबलचक, उभा राहिलेला बगळा. लँडिंगच्या वेळी खिडकीतून ते चाक इंजिनाच्या पोटातून बाहेर येताना दिसतं. माझा मुलगा त्यासाठीच खिडकी मागतो.

सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्याही नको म्हणाल्या होत्या. आता मोठ्या विमानतळावर दीड तास रांगेत उभं राहायला नको म्हणून बेटावरूनच जायचं म्हणतात.

अंबानगरीचा

आजोबांनी पंखा समजावला, मी पैसे समजावतो. आमच्या अमरावतीला १६ एप्रिल २०२५ ला पहिलं प्रवासी विमान उतरलं, तेही एटीआरच. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर. त्या दिवशी गावात कोणी विचारलं नाही पंखा आहे की नाही. सगळे गच्चीवर होते.

हिशेब असा. एटीआर ७२ तासाला साधारण साडेसहाशे-सातशे किलो इंधन घेतं. ए३२० अडीच टनांच्या आसपास. आता ए३२० मध्ये १८० माणसं आणि एटीआरमध्ये ७८. दोन्ही भरली तर माणशी फरक आहेच, पण डोळे दिपावेत एवढा नाही. खरी गोम पुढे आहे. अमरावतीहून एका वेळी १८० माणसं आणणार कुठून? साठ माणसं मिळतील. साठ माणसांत ए३२० उडवलं तर कंपनी बुडाली, एटीआर उडवलं तर दोन पैसे सुटले. फेरीचा खर्च महत्त्वाचा, खुर्चीचा नंतर.

७८ च जागा का, हेही ऐका. आपल्याकडे ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या देशी प्रवासी विमानाला विमानतळावर उतरण्याचं भाडं माफ असतं. शिवाय ४० टनांच्या आतलं विमान असेल तर त्याच्या इंधनावरचा विक्रीकर केंद्राच्या कायद्याने बांधलेला आहे, राज्याला वाटेल तसा लावता येत नाही. एटीआर २३ टनांचं, ए३२० त्याच्या तिपटीहून जड. म्हणजे सरकारनेच या आकाराच्या विमानाला पायघड्या घातल्यात.

साशंक_शेखर

एवढ्या पायघड्या आहेत तर मग या मार्गांचं भजं का होतं? नांदेड घ्या. २७ एप्रिल २०१७, केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्या दिवशीच नांदेड-हैदराबाद. ती ट्रूजेट आज कुठे आहे? जळगावला डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं १९ आसनी बीचक्राफ्ट आलं, तेही पंख्याचंच. गेलं. चिपी-मुंबई ९ ऑक्टोबर २०२१ ला वाजतगाजत सुरू झालं, तीन वर्षांत थांबलं. विमान इतकं शहाणं आहे तर टिकत का नाही?

मालवणी_मासो

ह्या बरोबर इचारलंस. आमका इमान नको असा नाय, पण ता येळार येवक होया. नायतर आमची तुतारी एक्सप्रेस बरी.

रॅम्पवरचा_माणूस

शेखरराव, मी धावपट्टीकडच्या बाजूला काम करतो, कुठे ते विचारू नका. रोज हेच बघतो म्हणून लिहितो.

पंखा बिचारा कुठेच आड येत नाही. मार्ग मरतात ते घड्याळाने.

मुंबईचं उदाहरण घ्या. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. तासाला चाळीस-पंचेचाळीस चढ-उतार, बस. आता एका स्लॉटमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या वेळेत, सव्वादोनशे माणसांचं ए३२१ उतरवायचं की ७८ माणसांचं एटीआर? शिवाय एटीआर सावकाश येतं, मागचं जेट त्याच्यावर चढू नये म्हणून कंट्रोलरला जागा सोडावी लागते. कोणी दुष्टपणा करत नाही, पण एटीआरला मिळते ती दुपारची आडवेळ. दुपारी दोनला मुंबईत पोचून वकिलाचं, डॉक्टरचं, मंत्रालयाचं काम होतं का? मुक्काम करावा लागतो. मग माणूस म्हणतो, रात्रीच्या गाडीने जाऊ, सकाळी पोचू. विमान रिकामं, मार्ग बंद, आणि खापर पंख्यावर.

दुसरं. अशा कंपन्यांकडे विमानं मोजकी. एकच विमान सकाळपासून सहा-आठ उड्या मारतं. सकाळी पहिल्या गावात धुकं आलं, एक तास गेला, तो तास दिवसभर शेपटीसारखा मागे लागतो. संध्याकाळच्या गावाला पोचेपर्यंत तिथला विमानतळ मिटलेला. बऱ्याच छोट्या विमानतळांवर रात्री उतरायची सोय नाही, कंट्रोल टॉवर ठरलेल्या तासांपुरताच चालतो. शेवटची फेरी रद्द. आणि जिथे यंत्राच्या मदतीने उतरायची सोय नाही तिथे पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसलंच पाहिजे, असा नियम. पावसात कोकणात आणि जानेवारीत खानदेशात पाच किलोमीटर कुठून दिसणार? तिथे जेट आणलं तरी तेच. दिसायला तर वैमानिकाच्या डोळ्यांनाच पाहिजे.

तिसरं म्हणजे उडानची मदत. निम्म्या जागांचं भाडं बांधून द्यायचं, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार, आणि तोटा सरकार भरून देणार, पण तीन वर्षंच. तीन वर्षांत लोकांना सवय लागली पाहिजे. वेळ वाईट, फेऱ्या रद्द, तर सवय कसली लागणार? चौथ्या वर्षी मदत थांबते आणि कंपनी विमान दुसरीकडे वळवते. चिपी-मुंबईचे तीन वर्ष मोजून बघा.

मला स्वतःला झालेला मनस्ताप सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. बायकोला माहेरी जायचं होतं. माझ्याच हाताने सामान चढवलं. सगळे बसले. मग समजलं की वैमानिकांचे ड्यूटीचे तास संपतात. सगळे उतरले. माझ्याच हाताने सामान उतरवलं. घरी काय बोलणी खाल्ली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अंबानगरीचा

+१. आणि स्पर्धा आता रस्त्याशी पण आहे. समृद्धी ५ जून २०२५ ला पूर्ण खुली झाली, ७०१ किलोमीटर. स्वतःची गाडी असलेला माणूस विमानाच्या भरवशावर दिवस टांगणीला लावत नाही. सोलापूरकरांनाही फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत आहे. म्हणून पंख्याचं विमान खरं खपतं कुठे, तर जिथे मध्ये पाणी किंवा डोंगर आहे. लक्षद्वीपची आगत्ती बघा, धावपट्टी बाराशे मीटर, दोन्हीकडे समुद्र, तिथे दुसरं कोण उतरणार?

डार्टवाले_आजोबा

शिमल्याचंही तसंच. जुब्बरहट्टीला डोंगराचा माथा कापून केलेली पट्टी, एटीआर ४२ सुद्धा तिथून भरलेलं निघत नाही. हवा विरळ, पट्टी आखूड, म्हणून माणसं कमी घ्यायची. पण उतरतं. उतरल्यावर पात्यांचा कोन उलटा फिरवतात, तोच पंखा मग पुढून ढकलतो. जवळून बघायला मिळालं तर बघा, भर्रर्र आवाज होतो आणि सगळे पुढे झुकतात. काकूंना त्याची कल्पना देऊन ठेव, नाहीतर तिथे पुन्हा रामराम म्हणतील.

बिनधास्त_बाळ्या

धागा मस्त चाललाय. माझा प्रश्न साधा. आवाज कुठल्या रांगेत कमी?

रॅम्पवरचा_माणूस

एटीआरमध्ये मागे. पंखे पुढच्या रांगांच्या बाजूला येतात, तिथे घरघर जास्त. दारही मागेच, म्हणजे मागे बसलेला आधी उतरतो. पुढे वैमानिक आणि प्रवासी यांच्या मध्ये सामानाची खोली.

काकूंचे गुडघे दुखतात म्हणून मुद्दाम सांगतो, आमच्याकडे सगळ्यात कमी पायऱ्या याच विमानाला. पंख वर छताशी, म्हणून पोट जमिनीला टेकल्यासारखं. दार उघडलं की त्यातूनच जिना खाली येतो. पाच-सहा पायऱ्या. एसटीपेक्षा थोड्याच जास्त. आणि तिकडे शेपटीखाली एक दांडा लावलेला दिसेल, त्याला घाबरू नका. सगळे एकदम मागच्या दाराशी गोळा झाले तर विमानाचं नाक वर उचललं जाऊ नये म्हणून तो टेकू असतो. निघण्याआधी आम्हीच काढतो. मोजून काढतो, विसरत नाही.

कधी एअरहोस्टेस म्हणेल, "आजी, दोन रांगा मागे बसता का?" तर ऐकावं. माणसं कमी असली की वजन सारखं वाटावं लागतं. अपमान नाही तो.

कुडाळकर_पुण्यात

मंडळी, अपडेट. पाच-सहा पायऱ्यांवर गाडी रुळावर आली. पंखा, टर्बाइन, १९८८, बेटावरचे बँकवाले, सगळं ऐकून घेतलं तिने, पण "एस्टीसारख्याच पायऱ्या" म्हटल्यावर म्हणाली, "मगे आधी ह्या कित्या नाय सांगलंस?"

सकाळची फेरी नव्हती, दुपारचीच मिळाली. मागून तिसरी रांग, खिडकी. मी आदल्या दिवशी गावी जाऊन सोबत येतोय. त्याच रात्रीची गाडीही राखून ठेवलीय, रॅम्पवाल्यांचं वाचून. फेरी रद्द नाही झाली तर गाडीचं तिकीट वाया जाईल, पण शब्द वाया नको.

आता तिची एक अट आहे. मागच्या परसातला फणस पुण्याला आलाच पाहिजे. सामानात १५ किलो चालतात. फणस एकटाच बारा भरेल. केबिनमध्ये हातात घेऊन बसू देतात का?

रॅम्पवरचा_माणूस

एटीआरचा वरचा कप्पा एवढासा, त्यात फणस मावणार नाही. मांडीवर घेऊ देणार नाहीत. चेक-इनच्या सामानात टाका, गोणपाटात नीट बांधून. आणि पिकलेला नको हो, मागच्या वर्षी एकाचा फुटला होता, ती सामानाची खोली दोन दिवस घमघमत होती.

मालवणी_मासो

कापो काय बरको?

कुडाळकर_पुण्यात

बरको.

रॅम्पवरचा_माणूस

मग गरे काढून डब्यात आणा. कृपा करा.